केळीवरचा मावा, कापसावरचे फुलकिडे टिपायचेत: कॅमेरा अन् लेन्स कोणती घेऊ?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी.

रावेर तालुक्यातून लिहितोय. बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, घरची केळी आहे आणि आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवतो, फुकट सल्ला द्यायचा. अडचण अशी की ग्रुपवर रोज सकाळी फोटो येऊन पडतात, "भो हे काय पडलं पानावर, काय मारू", आणि फोटोत नुसता हिरवा धुरळा. त्यावरून मी काय सांगणार, कप्पाळ? म्हणून डोक्यात असं आलंय की आपणच आपल्या शिवारातल्या किडींचे नीट फोटो काढायचे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी, तुडतुडे, लाल कोळी, मक्यावरची लष्करी अळी, कापसातली गुलाबी बोंडअळी असं सगळं, आणि त्याचे ए३ साइजचे पोस्टर छापून ग्रामपंचायतीत आणि कृषी सेवा केंद्रांत लावायचे, म्हणजे लोकं आधी पोस्टर बघतील मग औषध मागतील.

मोबाइलमध्ये २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा दिलाय पण तो नावालाच आहे. डोमकळीचा (बोंडअळीने मिटवलेल्या कापसाच्या फुलाचा) फोटो मस्त येतो, मोठी बोंडअळीपण कशीबशी येते, पण मावा म्हणजे काळे ठिपके. आणि मोबाइल इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली पानावर पडते आणि पांढरी माशी तर पान उलटं करेपर्यंतच उडून जाते.

बजेट ६० हजार, ओढूनताणून ६५. (घरी ५० सांगितलंय, कोणी टॅग करू नका.) जळगावला गोलाणी मार्केटला एक चक्कर मारली तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो, एक म्हणे मिररलेसच (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्या आता डीएसएलआर (आरशावाला जुना) संपलं, दुसरा म्हणे ७०-३०० झूम घ्या त्याच्यावर मॅक्रो लिहिलेलं असतं. खरं काय ते सांगा. डीएसएलआर की मिररलेस, आणि लेन्स कोणती. फोटोग्राफीतलं मला शून्य कळतं हे धरून सांगा.

सातपुडा_भटक्या

भाऊ तू बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि लेन्स विचारतोय पण आधी एक पट्टी घे, मिलिमीटरची, आणि तुला काय टिपायचंय ते मोज. हे मी टिंगल म्हणून सांगत नाहीये, सगळा हिशोब तिथूनच निघतो.

मॅक्रोमध्ये एकच आकडा महत्त्वाचा, १:१. म्हणजे काय, तर किडा जेवढा खरा आहे तेवढाच तो कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (आतल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर) उमटतो. साध्या डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर साधारण २२ ते २३ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे १:१ ला तुझ्या फोटोत बरोबर २२ मिलिमीटरचं शिवार मावणार. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली की १०-१२ मिलिमीटर, म्हणजे अर्धी फ्रेम भरली, एकदम झकास. लष्करी अळी तर ३० च्या पुढे जाते, तिच्यासाठी उलट मागे सरकावं लागेल. आता मावा धर दीड मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे त्या माव्याच्या वाट्याला ४०० पिक्सेल आले. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापलं तर पोस्टरवर तो मावा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास दिसेल. पाय मोजता येतील इतका. ए३ ला बास झालं की!

आता कॅमेऱ्याबरोबर साधी किट लेन्स येते ना १८-५५, कॅननची ती जास्तीत जास्त ०.३६ पट देते. तोच मावा तिच्यात दीडशे पिक्सेलचा पण होत नाही. आणि ज्या झूमवर मॅक्रो लिहिलेलं असतं त्यातल्या बऱ्याचशा फार तर १:२ पर्यंत जातात, म्हणजे अर्ध्या. दुकानदार खोटं बोलला असं नाही, पण तुझ्या कामाला ते अर्धंच आहे.

दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे लेन्सच्या काचेपासून किडा किती लांब राहतो. बॉक्सवर जे सगळ्यात जवळचं फोकस अंतर लिहिलेलं असतं ते सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही! निकॉनची ४० एमएम मायक्रो स्वस्तात मिळते आणि १:१ पण देते पण तिचं ते अंतर १६ सेंटिमीटर, त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा कर, हातात ३-४ सेंटिमीटर उरतात, म्हणजे मोबाइलचंच दुखणं परत, सावली पण पडणार आणि माशी पण उडणार. कॅननची १०० एमएम मॅक्रो ३१ सेंटिमीटरला १:१ देते, काचेपुढे जवळजवळ १५ सेंटिमीटर मोकळे मिळतात. पांढरी माशी बसून राहील की नाही ते १५ सेंटिमीटर ठरवतात, कॅमेऱ्याचं मॉडेल नाही.

म्हणून माझं मत: ९० ते १०५ एमएमची खरी मॅक्रो लेन्स, सेकंडहँड. कॅनन १०० एमएम एफ २.८ यूएसएम, २००० साली आलेली जुनी, एल (महागडी मालिका) नसलेली, काचेत काही कमी नाही तिच्या. किंवा टॅमरॉन ९०. पैसे वाचतील त्यात जी मिळेल ती २४ मेगापिक्सेलची जुनी कॅनन बॉडी, ७५०डी, ७७डी, ८०डी. चोपड्याच्या बाजूला मी फुलपाखरं आणि कोळी ह्याच सेटवर काढतो, यावल अभयारण्याच्या वाटांवर पण हाच सेट गळ्यात असतो. बॉडी बदलली मध्ये, लेन्स तीच आहे.

धुळे_क्लिक

भटक्या भाऊंचं गणित बरोबर आहे पण नवख्या माणसाला एवढ्या पैशाची एकच काम करणारी लेन्स घ्यायला लावू नका राव.

रेनॉक्स डीसीआर-२५० नावाची एक छोटी काच येते, टेलीझूमच्या (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सच्या) तोंडाला चिमट्याने अडकते, स्क्रूपण फिरवावा लागत नाही, ५२ ते ६७ एमएम फिल्टर साइजच्या कुठल्याही लेन्सला बसते. ८ डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर असतो तसं) आहे, म्हणजे तिचा फोकस १२५ मिलिमीटर. हिशोब सोपा आहे, लेन्सचे एमएम भागिले १२५. कॅननची ५५-२५० लावा, २५० वर ठेवा, फोकस अनंताला, २५० भागिले १२५ बरोबर २ पट! तुमच्या १०० मॅक्रोच्या दुप्पट. आणि काचेपुढे १२ सेंटिमीटर जागा राहतेच. लाल कोळी जो अर्ध्या मिलिमीटरचा असतो तो ह्याच्यात येतो, १:१ च्या लेन्समध्ये तो ठिपकाच.

आणि काच काढून खिशात टाकली की तीच ५५-२५० हतनूरला पक्षी काढायला मोकळी. हिवाळ्यात धरणावर काय गर्दी असते पक्ष्यांची, एकदा जाऊन बघा.

२ पट जास्त वाटत असेल तर हिचीच बहीण डीसीआर-१५०, ४.८ डायॉप्टर, तीच लेन्स १.२ पटपर्यंत जाते आणि अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास मिळतं. बोंडअळी, तुडतुडे ह्यांच्यासाठी १५० आणि मावा कोळी ह्यांच्यासाठी २५०. दोन्ही घेतल्या तरी मॅक्रो लेन्सच्या पैशात बरंच काही उरतं.

सातपुडा_भटक्या

रेनॉक्स चांगलीच आहे, माझ्याकडे पण आहे, मी ती १०० मॅक्रोच्या पुढे लावतो. पण नुसती झूमवर लावली की एक कटकट आहे. काच लावली की फोकसची रेंज एवढीशी उरते, १२ सेंटिमीटरच्या आगेमागे जरा सरकलं की सगळं धूसर. मक्याच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) लष्करी अळी बघायचीय, आधी अख्खं झाड मग पोंगा मग अळी मग तिचं डोकं, मॅक्रो लेन्सवर मी एकाच जागी उभा राहून सगळं काढतो. रेनॉक्सवाल्याला दर फोटोला काच काढ काच घाल. शेतात घामाने हात ओले असताना करून बघ दोनदा.

धुळे_क्लिक

चिमटा दाबायचा आणि काढायची, दोन सेकंद लागतात दादा. घाम धुळ्यालापण येतो.

अमळनेरना_पोर्‍या

भाऊ, बठ्ठा पैसा कॅमेरामा नको घालू, थोडा फवारनीले बी ठेव 😀

प्राणीशास्त्र_जळगाव

मी कॉलेजमध्ये झूलॉजी शिकवते, त्यामुळे थोडं दुसऱ्या बाजूने सांगते.

दादा तुमचं काम सुंदर फोटो काढणं नाहीये, ओळख पटणारा फोटो काढणं आहे, आणि ह्या दोन गोष्टींत फरक पडतो. लष्करी अळीचंच बघा. २०१८ साली ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि नंतर आपल्याकडच्या मक्यातपण पसरली, तेव्हापासून मुलं मला कुठलीही अळी आणून दाखवतात आणि म्हणतात मॅडम हीच का. ओळख कुठे आहे तर डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. म्हणजे तुम्हाला एकाच अळीचे किमान दोन फोटो हवेत, एक डोक्याचा समोरून, एक शेपटीकडचा वरून. आडवी पडलेली अळी कितीही शार्प आली तरी पोस्टरला निरुपयोगी. तसंच मावा. नुसता मावा दाखवून उपयोग नाही, केळीवर तो देठाच्या खाली आणि कोवळ्या पोंग्यात आत दडलेला असतो, ती जागा दिसली पाहिजे, आणि शेजारी बंची टॉप (पर्णगुच्छ) रोग आलेलं पान दाखवलं पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याला हे कळणारच नाही की हा रोग पसरवतं कोण. त्या पानाचा फोटो तुमचा मोबाइलच काढेल, उत्तम काढेल. सगळ्यासाठी मॅक्रो लागत नाही.

आता कॅमेरा. तुम्ही फोटोग्राफीतलं शून्य कळतं म्हणालात म्हणून हा तिसरा पर्याय. ऑलिंपसचा टीजी-६ नावाचा छोटा कॅमेरा आहे, त्याच्या पुढचा टीजी-७ ओएम सिस्टिम ह्या नावाने येतो. खिशात मावतो, पाण्यात पडला तरी चालतो, आणि त्यात मायक्रोस्कोप मोड आहे, लेन्सपासून १ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो. सेन्सर मोबाइलएवढाच लहान आहे, १२ मेगापिक्सेलच आहे, पण त्याची मोठी गंमत म्हणजे तो स्वतःच फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढतो आणि आतल्या आत एकत्र जोडून देतो. लॅबमध्ये मेलेले किडे, पानाच्या मागची अंडी, फुलकिड्यांनी केळीच्या सालीवर पाडलेले तांबूस डाग, ह्यासाठी माझ्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत जमतो. त्याच्या तोंडाला लावायची रिंगसारखी लाइट गाइड वेगळी मिळते, ती घ्याच. पांढऱ्या माशीला मात्र तो चालणार नाही, १ सेंटिमीटरवर कोण थांबतं.

केळीबाग_रावेर

बापरे एवढं सगळं! मॅडम ते दोन अँगलचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, मी आपला अळी पोंग्याच्या बाहेर काढून आडवी ठेवून काढत होतो.

भटक्या भाऊ पट्टी घेऊन बसलो खरंच. आमच्या केळीवरचा काळा मावा दीडच्या आतच भरतो, पिल्लं तर अर्ध्याची. मग १:१ पुरेल का पिल्लांना? आणि एक शंका, यूट्यूबवर सगळे म्हणतात मॅक्रोला एफ (लेन्सच्या भोकाचा आकडा) १६, एफ २२ ठेवा म्हणजे सगळं शार्प येतं. बरोबर का?

सातपुडा_भटक्या

पिल्लांना १:१ कमीच पडेल, तिथे धुळेकरांची काच मॅक्रोच्या पुढे लावायची, जवळजवळ दुप्पट होतं. बघ म्हणजे दोघांचंही खरं.

एफ २२ अजिबात नको. सांगतो का. १:१ ला लेन्स तू लावलेल्या आकड्याच्या दुपटीने वागते, एफ ८ लावलं तर खरं एफ १६ इतकाच प्रकाश आत येतो, एफ २२ म्हणजे एफ ४४! तेवढ्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटोच मऊ होतो, पायाचे केस वगैरे सगळं पुसलं जातं. निकॉनच्या मायक्रो लेन्स जवळ गेल्यावर हा आकडा स्क्रीनवर बदललेला दाखवतात, कॅनन दाखवत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही. एफ ८ ते ११ मध्ये राहा. त्यात शार्प पट्टा किती मिळतो तर १:१ ला एक मिलिमीटरच्या आतच. हो, एका मिलिमीटरच्या आत. म्हणून किडा समोरून नाही, बाजूने किंवा वरून घ्यायचा, त्याचं अंग सेन्सरला समांतर. मॅडमनी सांगितलेला डोक्याचा फोटो असेल तर वायवर फोकस, बाकी जाऊ दे धूसर.

आणि फोकस रिंग फिरवत बसायचं नाही. रिंग एका जागी ठेवायची, ऑटोफोकस बंद, आणि आपणच अंग पुढेमागे झुलवायचं, शार्प दिसला की दाबायचं. डाव्या हाताने पान धरायचं आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवायची, म्हणजे वारा आला तरी पान आणि लेन्स एकत्रच हलतात. ट्रायपॉड केळीत घेऊन जाऊ नको, पाय रोवेपर्यंत किडा पुढच्या झाडावर.

पाचोरा_स्टुडिओ

सगळे लेन्स लेन्स करताय, लाइटबद्दल एकानेपण नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आम्ही लग्नं काढतो, मॅक्रो नाही काढत जास्त, पण दागिन्यांचं काम येतं तेव्हा हेच सगळं लागतं.

केळीच्या बागेत आत शिरल्यावर दुपारी बारालापण अंधार असतो. त्यात तुम्ही एफ ११ लावणार, वर ते दुपटीचं जे भाऊंनी सांगितलं. फ्लॅश नसेल तर शटर एवढा हळू येतो की तुमच्या श्वासानेपण फोटो हलणार. मिररलेस घ्या नाहीतर डीएसएलआर घ्या, फ्लॅशशिवाय दोन्ही सारखेच रडतील. साधा गोडॉक्सचा मॅन्युअल फ्लॅश घ्या, टीटी६०० चालेल, मोठा वाटत असेल तर टीटी३५०. सेटिंग हे धरा सुरुवातीला: मॅन्युअल मोड, शटर १/२००, एफ ११, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ वर, आणि मग फोटो बघून फक्त फ्लॅश कमीजास्त करा, बाकी कशाला हात लावू नका. फ्लॅशची चमक इतकी क्षणभराची असते की वाऱ्याने हलणारं पानही थांबल्यासारखं येतं.

पण उघडा फ्लॅश मारू नका. माव्याची पाठ, अळीचं डोकं चकचकीत असतं, त्यावर पांढरा फटका येतो, आणि लांब लेन्स असली की लेन्सचीच सावली खाली पडते. फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या टोकाच्या पुढे जाईल असा पांढरा पडदा करा, टीव्हीच्या खोक्यात पांढरी पातळ फोमची शीट येते ती बेस्ट, नाहीतर पुठ्ठ्याची चौकट आणि ट्रेसिंग पेपर. पडदा जेवढा मोठा आणि किड्याच्या जेवढा जवळ तेवढा लाइट मऊ. विकतचे डिफ्यूझर मिळतात पण पुठ्ठ्याचा केला तर फाटल्यावर दुःख होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोणी सांगणार नाही. कॅननची २००डी मार्क टू घ्यायची असेल तर थांबा. तिच्या वरच्या फ्लॅशच्या खोबणीत मधला पिनच नाही, कंपनीने काढून टाकलाय. टीटी६०० सारखे साधे मॅन्युअल फ्लॅश तिच्यावर पेटतच नाहीत, कॅननसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅशच (ज्याचा उजेड कॅमेरा स्वतः ठरवतो तो) लागतो. पहिली २००डी, ७५०डी, ७७डी, ८०डी ह्यांना पिन आहे. सेकंडहँड घेताना खोबणीत नजर टाकून बघा, मधोमध गोल ठिपका दिसला पाहिजे.

धुळे_क्लिक

हे पिनचं मलापण माहीत नव्हतं. एकाला मी हीच बॉडी सुचवणार होतो, बरं झालं.

निकॉनवाल्यांनी अजून एक बघायचं, डी३५००, डी५६०० ह्या बॉडीत फोकसची मोटर नाही, जुन्या एएफ-डी लेन्स आणि काही जुन्या टॅमरॉन ९० त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाहीत. मॅक्रोला तसाही मॅन्युअलच करतो आपण, पण नातेवाइकाच्या लग्नात कॅमेरा नेला की मग बोंब होते.

केळीबाग_रावेर

मिररलेसचा विषय राहिलाच. भाचा म्हणतो मामा जुनं नको घेऊ, कॅननचा मिररलेस आर५० नाहीतर आर१० घे, त्यात ते फोटो जोडायचं पण असतं म्हणे.

सातपुडा_भटक्या

आर१० मध्ये फोकस ब्रॅकेटिंग आहे, बरोबर सांगतोय भाचा, कॅमेरा स्वतः फोकस सरकवत लायनीने फोटो काढतो. मेलेल्या किंवा गार पडलेल्या किड्याला मस्तच. जिवंत मावा पाय हलवत असेल तर जोडलेल्या फोटोत त्याला आठ-दहा पाय येतात 😄 मिररलेसचा खरा फायदा दुसराच आहे, डोळ्याला लावायच्या खिडकीतच फोटो मोठा करून फोकस तपासता येतो, आणि जुनी ईएफ १०० मॅक्रो अ‍ॅडॅप्टर लावून तिच्यावर तशीच्या तशी चालते. पण ६५ हजारात नवी आर१० + लेन्स + फ्लॅश बसवायला जाशील तर कशात तरी काटछाट होणार, आणि माणूस काटछाट नेहमी लेन्समध्ये करतो. आरएफ माउंटची (कॅननच्या मिररलेसला बसणारी) ३५ एमएम आणि ८५ एमएम मॅक्रो म्हणून विकतात त्या दोन्ही अर्ध्या पटाच्याच आहेत हे लक्षात ठेव. भाच्याला सांग आज लेन्स घेतो, बॉडी पुढच्या केळीला.

प्राणीशास्त्र_जळगाव

एक वेळेचं सांगायचं राहिलं. किडे थंड रक्ताचे, अंगात ऊब आल्याशिवाय हालचाल नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत गेलात तर पांढरी माशी, तुडतुडे सगळे पानाला चिकटून गप्प बसलेले असतात, तुम्हाला हवे तेवढे फोटो काढू देतात. नऊ वाजले की संपलं. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी जाऊन काही मिळत नाही, किडापण पानाखाली आणि आपणपण झाडाखाली.

आणि प्रत्येक किडीच्या एका तरी फोटोत शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. पोस्टरवर साडेतीन सेंटिमीटरचा मावा बघून कोणी बांधावर तेवढाच मोठा किडा शोधत बसला तर?

पाचोरा_स्टुडिओ

😂 मॅडम हे होणार म्हणजे होणार.

केळीबाग_रावेर

ठरवलं मग. ५५-२५० ची काच की मॅक्रो ह्यावर दोन रात्री घरात भांडण झालं, म्हणजे माझं माझ्याशीच. शेवटी पोंग्यापासून डोक्यापर्यंत एकाच जागी उभं राहून काढता येतं हे पटलं, म्हणून १०० मॅक्रो, जुनी. भुसावळला एका ओळखीच्याकडे ७७डी आहे, किट लेन्ससकट देतोय. फ्लॅश टीटी६००. रेनॉक्स २५० दिवाळीनंतर, पिल्लांसाठी. टीजी-७ मोह झाला होता पण पांढरी माशी सोडवत नाही.

आता लेन्स मुंबईला फोर्टात, बोरा बाजारात जाऊन बघणार आहे, तिथे जुन्या लेन्सचा मोठा बाजार आहे असं ऐकलंय. काय काय तपासू ते सांगा, मला तिथे कोणी गंडवायला नको.

पाचोरा_स्टुडिओ

७७डी घेऊन जा सोबत, बॅटरी फुल, कार्ड घालून. लेन्स दोन्ही बाजूंची झाकणं काढून मोबाइलच्या टॉर्चवर तिरपी धरून आतून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी, कितीही स्वस्त दिली तरी ठेवून दे परत. दोनचार धुळीचे कण असले तर काही बिघडत नाही, तेवढं चालतं. मग कॅमेऱ्याला लाव, एफ ११ ठेव आणि पुढून काचेत बघत डेप्थ प्रिव्ह्यूचं (लेन्सचं भोक बारीक करून दाखवणारं) बटण दाब, आतली पाती झटकन बंद होऊन झटकन उघडली पाहिजेत, तेलकट दिसता कामा नये. ऑटोफोकस लांबून जवळ, जवळून लांब चारपाच वेळा पळव, मध्ये अडकली किंवा करकरली तर नको. शेवटी खिशातली १० रुपयांची नोट काढ, सगळ्यात जवळून १:१ ला तिच्यावरच्या बारीक अक्षरांचा फोटो घे आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघ. दुकानदार घाई करायला लागला तर चहा मागव आणि अजून हळू बघ.

बॉडीचं, भुसावळवाल्याला शटर काउंट (आजवर किती फोटो निघाले) विचार आणि तो फ्लॅशचा पिन स्वतः फ्लॅश लावून पेटवून बघ, ओळखीचा असला तरी.

सातपुडा_भटक्या

आणि आणल्यावर कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवू नको. पावसाळ्यात केळीच्या बागेत जी दमट हवा असते तीच बुरशीला लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, जेल निळ्याचं गुलाबी झालं की उन्हात नाहीतर तव्यावर गरम करून परत निळं करायचं. लेन्सच्या तोंडाला साधा यूव्ही फिल्टर लाव, केळीचा चीक काचेवर उडाला तर फिल्टर बदलता येतो. ह्या लेन्सचा फिल्टर ५८ एमएमचा, मागताना तोच आकडा सांग.

केळीबाग_रावेर

५८, लिहून घेतलं. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, लेन्स हातात आली की पहिला मावा इथेच टाकतो.

अमळनेरना_पोर्‍या

घरमा किती सांगनार शे, ५० का ६५?